नायिका सक्षम झाली हो!

शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत चढलेल्या गाड्यांपैकी एखादी मांडव्याला उतरते ती पटकथाकार घेऊनच. बंगल्यातल्या तलावाकाठी ते जुनी प्रेमकादंबरी ‘स्त्रीवादी नजरेतून’ पडद्यासाठी लिहायला बसतात. कृती सोपी. मूळ नायिका खिडकीत बसून रडत असेल, तर तिला बुलेटवर बसवून रडवायचं. सासऱ्याला एक खणखणीत डायलॉग, तोही ट्रेलरपुरता. लग्न मात्र ठरल्या घरीच.

मांडव्याला या प्रगतीची सवय आहे. १९९०च्या ‘अग्निपथ’ने गावाचं नाव देशभर नेलं, त्यातली मेरी नर्स होती. २०१२च्या ‘अग्निपथ’मधली काली पार्लरवाली झाली आणि लग्नाच्या दिवशीच गोळी लागून गेली. बावीस वर्षांत एवढी मजल!

बुलेट नसतानाही काही बायका पडद्यावर ठामपणे वागून गेल्यात. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते, आणि शेवटपर्यंत मागे हटत नाही. ते काम करणाऱ्या शांता आपटे पुढे प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसल्या. त्यांना कुणी सक्षम केल्याची नोंद नाही.

लांब कशाला, मांडव्याच्याच जिल्ह्यातल्या कर्नाळ्याच्या ठाकरवाडीतली चिंधी घ्या. गोनीदांच्या ‘जैत रे जैत’वर जब्बार पटेलांनी १९७७ साली सिनेमा केला. स्मिता पाटीलची चिंधी नालायक नवऱ्याला सोडते आणि नाग्याला स्वतः निवडते. इथवर ठीक. पण शेवटी जैत नाग्याची आणि मधमाश्यांचे डंख चिंधीच्या वाट्याला! नव्या दिग्दर्शकाला हा शेवट खुपायला हवा. त्याला खुपतं ते चिंधीचं लुगडं.

हे पटकथाकार मांडव्यात आलेच आहेत, तर त्यांनी इथलाच एक प्रसंग उचलावा. जमिनीला भाव आला की वर्षानुवर्षं न फिरकलेला भाऊ साडी घेऊन बहिणीकडे जातो, चहा पितो आणि हक्कसोडपत्रावर सही मागतो. हिंदू वारसा कायद्याने २००५पासून लग्न झालेल्या मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच वाटा आहे. तरी माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. पुढे त्याच जमिनीवर बंगला होतो, तलाव होतो.

तेव्हा वाचकहो, पुढचा ‘सक्षम नायिके’चा सिनेमा बघाल तेव्हा तिची बुलेट राहू द्या, सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का तेवढं बघा.