कोट आधी संग्रामपुरात

परदेशी निघालेल्या माणसाच्या घरी लाडू वळतात. आमच्या घरी सध्या मोरचूद, चुना आणि पाणी कालवून बोर्डो पेस्ट चालू आहे.

मी संग्रामपूर तालुक्यातला संत्रावाला. खाली पूर्णेच्या अंगाला खारपाणपट्टा, वर सोनाळ्याकडं सातपुड्याचा पायथा. आमची बाग वरच्या अंगाला, म्हणून पाणी गोडं आणि माणूस जरा आगाऊ. त्या आगाऊपणातच कृषी खात्याच्या परदेश अभ्यास दौऱ्याचा अर्ज भरला आणि सोडतीत चक्क नाव निघालं. नेदरलँड्स. निम्मा खर्च सरकारचा, तोही लाखाच्या आत, उरलेला संत्र्याचा. विषय : काचेच्या घरात हवामान कसं कोंडून ठेवतात ते बघणे.

आमचं हवामान मोकाट आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडांना ताण दिला. ताण म्हणजे पाणी तोडायचं. झाड उपाशी राहिलं की घाबरून फुलतं. (सरकारचं आमच्याबाबत हेच धोरण असावं. फक्त आम्ही फुलत नाही.) तर भर ताणात ढगानं येऊन झाडांना पाणी पाजलं आणि निम्मी बाग फुलायची सोडून नवतीवर गेली. २०२३ च्या जुलैत याच पावसानं तालुक्यातली शेतं खरडून नेली होती, तेव्हा निदान महिना तरी त्याचा होता.

उरलेला बहार एप्रिलात बोराएवढा झाला. पुण्याच्या साळ्यानं थंडीचा कोट पाठवला होता. तो घालून दिवेलागणीला आरशापुढं उभा राहिलो आणि टिनावर खडखड सुरू झाली. तसाच बागेत पळालो. दहा मिनिटांचा खेळ. गारही बोराएवढी, फळही बोराएवढं, वर अंधार. खाली हात घालून उचलायचं आणि मुठीत धरायचं : विरघळलं तर गार, नाही विरघळलं तर संत्रं. बरीचशी विरघळली नाहीत. फांद्यांची वरच्या अंगाची साल फाटली, म्हणून ती पेस्ट. आणि युरोपसाठी आणलेला कोट पहिल्यांदा संग्रामपुरात भिजला.

पुढची तयारी कागदांची. पासपोर्टसाठी पोलीस चार दिवसांत दारात हजर. मी खरंच इथं राहतो का, हे शेजाऱ्यांना विचारून, चहा घेऊन गेले. संत्री खरंच इथं लागली होती का, हे बघायला मात्र तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यायचे आहेत. तिघांना एकाच दिवशी सवड झाली की येतील. तोवर पडलेली फळं काळी पडून मुंग्यांच्या ताब्यात गेली. केंद्राच्या निकषात फळबागेला हेक्टरी २२,५०० रुपये आहेत, नुकसान ३३ टक्के असेल तर. ३२ टक्केच पडली तर राहिलेला एक टक्का आपण झाड हलवून पाडायचा काय, ते लिहिलेलं नाही. विम्याचं तर पावसाचं यंत्र मंडळाच्या गावी, गार आमच्या शिवारात. यंत्राला विचारलं तर आभाळ निरभ्र होतं.

आमच्या बुढ्याचा यंत्रापेक्षा भेंडवळच्या घटावर भरवसा. अक्षय तृतीयेला तिथं अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने. सकाळी ढेकूळ किती भिजलं त्यावर भाकीत. आता एप्रिलाचं ढेकूळही ठेवायला हवं. संत्र्याला त्या घटात जागा नाही, हे बुढ्याचं जुनं दुखणं.

रात्री त्यानं विचारलं, “तिकडं संत्रं होते काय?”

“नाही जी. थंडी लय. पण राजघराण्याचं नाव ऑरेंज हाय. राजाचा वाढदिवस आला का सारा देश संत्र्याच्या रंगाचे कपडे घालते.”

(ते नाव फ्रान्सातल्या एका गावावरून आलंय, फळावरून नाही. हे मी सांगितलं नाही. म्हाताऱ्याला कुठं तरी जागा मिळू द्यावी.)

“अन् गार आली तं?”

इथं मी अडकलो. २३ जून २०१६ ला त्यांच्या ब्राबांत भागात अशाच गारा पडल्या आणि हरितगृहांच्या काचाच काचा झाल्या, हे मी मोबाइलवर वाचलं होतं.

“फुटते काच,” मी म्हणालो.

“मंग पाह्यले काय जातं रे बाबू? फुटेल काच?”

काल निरोप आला. पंचनाम्याचा दिवस ठरला. माझं विमान त्याच दिवशी आहे. खातेदारानं शेतात हजर राहावं, सही लागेल.

“तू जाय,” बुढा म्हणाला. “मी राह्यतो झाडापाशी उभा.”

“सातबारा माह्या नावावर हाय, बुवा. तुमची सही चालत नाही.”

“सहीचं नाही म्हणत मी,” तो पेस्टच्या बादलीत काडी फिरवत म्हणाला. “तो कोट ठेवून जाय. पुन्हा आभाळ आलं हाय.”