भावी नॉर्वेकर

रविवारी सकाळी सातला चेलाडी फाट्यावर चहा पिणाऱ्या सायकलवाल्यांत तो असतोच. पन्नाशीला टेकलेला, हेल्मेटला आरसा लावलेला. कोणी नुसतं "काय, कसं काय?" म्हटलं तरी उत्तर ठरलेलं : "यंदा नक्की. जुलैअखेर नॉर्वे." भोर-वेल्ह्याच्या रस्त्याला फाट्याफाट्यावर भावी सरपंच आणि भावी आमदार फ्लेक्सवरून हात जोडून उभे असतात. ह्याचा फ्लेक्स अजून लागलेला नाही, एवढाच फरक. ग्रुपात त्याला 'भावी नॉर्वेकर' म्हणतात, आणि ते त्याला आवडतं.

नॉर्वेकरांचं सगळं शीटमध्ये असतं. एक्सेलची शीट. तिला ओळी किती ते देव जाणे, पण नॉर्वेकर बोलतात ते ओळीच्या क्रमांकानं. चेन तुटली? ओळ ३१. पायात गोळा आला? ओळ ५८. विमानात सायकल चढवताना पेडल काढायची, हँडल वळवून फ्रेमला समांतर करायचं, टायरची हवा कमी करायची : ओळ १२. समोरचा नवखा पोहे खात ऐकत असतो. त्याला खरं तर मार्गासनीला डावीकडे वळायचं की सरळ जायचं, एवढंच विचारायचं असतं.

बेत मात्र चोख आहे. रालारवेगेन. नॉर्वेत ऑस्लो-बर्गन रेल्वे १९०९ मध्ये पुरी झाली. ती बांधताना मजुरांनी मालाची ने-आण करायला डोंगरात जी वाट पाडली, तिच्यावर आता सायकली जातात. हाउगास्टोलहून फिन्से, तिथून मिर्डाल आणि मग खाली समुद्राला लागून फ्लॉम. ८० किलोमीटरच्या थोडं वर. फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर; जुलैच्या मध्यापर्यंत बर्फ वाटेवरून हलत नाही, म्हणून जुलैअखेर. मिर्डालहून दरीत उतरताना २१ वळणं आहेत, आणि खडी इतकी सुटी की सायकल हातात धरून चालत उतरा, असं सांगतात.

ह्या उताराची तालीम नॉर्वेकर पाबे घाटात करतात. घाट पेडल मारत चढतात आणि उतार आला की खाली उतरून, ब्रेक आवळून, सायकल हातात धरून चालू लागतात. डांबरी रस्त्यावर. मागून आलेला दुधाचा टेम्पो थांबतो.

"काका, पंक्चर का?"

"नाही, मिर्डाल."

स्वीडनमधलं ओरे त्यांनी शीटमधून केव्हाच खोडलं. तिथे माणसाला सायकलीसकट पाळण्यातून डोंगरावर नेतात आणि मग फक्त उतरायचं असतं. "फुकटचा उतार आपल्याला पचत नाही," असं म्हणून नॉर्वेकर भज्यांच्या तिसऱ्या प्लेटकडे वळतात.

गुंजवणे हा त्यांचा बेस कॅम्प. राजगडाच्या चोरदरवाज्याची वाट ह्याच गावातून चढते, आणि सुटीच्या दिवशी गडावर रीघ लागते. नॉर्वेकर गडावर जात नाहीत. ते खाली गुंजवणी धरणाच्या पाण्याकडे बघत उभे राहतात आणि म्हणतात, "जरा अरुंद असतं तर फ्योर्डच की." जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, तेव्हा ग्रुपात पेढे वाटले गेले. नॉर्वेकरांनी शीट उघडून सांगितलं, की फ्लॉमशेजारचा नॅरॉयफ्योर्ड २००५ मध्येच त्या यादीत गेलाय. "वीस वर्षं पुढे आहेत ते आपल्या." पेढे मात्र दोन घेतले.

पण कळस म्हणजे ओळ ८४. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्यानं मोकळ्या रानात कोणालाही तंबू ठोकता येतो. राहत्या घरापासून मात्र निदान १५० मीटर लांब. ऑगस्टातल्या एका संध्याकाळी गुंजवण्यात मुक्काम पडला. ज्यांच्याकडे नेहमीचं पिठलं-भाकरीचं जेवण असतं त्या मावशी म्हणाल्या, "पडवीत टाका पथारी. पाऊस हाय." नॉर्वेकर पावलं मोजू लागले. एका घरापासून लांब जावं तर दुसरं जवळ यायचं. शेवटी सगळ्या घरांपासून १५० मीटर भरेल अशी एकच जागा निघाली : भाताच्या खाचराचा बांध. शेताचा मालक येऊन बघून गेला. बोलला काही नाही. दहाला पाऊस आला, अकराला खाचर तंबूत आलं, आणि साडेअकराला नॉर्वेकर पडवीत मावशींच्या घोंगडीत होते.

"तिकडं नारव्यात पन असंच हुतं का?" मावशींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ओळ ८४ समोर शेरा पडला : 'पडवी – प्लॅन बी.'

ग्रुपातलं कोणी मग मुद्दाम विषय काढतं. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांत मिळून अमेरिका आडवी ओलांडणारी 'रॅम' शर्यत पुरी केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये वयाच्या विशीत, सोबतीला मदतीची गाडी न घेता, १५९ दिवसांत जगाभोवती २९ हजार किलोमीटर फिरून आली. नॉर्वेकरांना हे आकडे तोंडपाठ असतात. ते शांतपणे विचारतात, "त्यांची शीट बघायला मिळेल का कुठे?"

न जाण्याची कारणं शीटमध्ये नाहीत. एका वर्षी करोना. एका वर्षी मुलीची बारावी. एका वर्षी वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन. 'विमान' ह्या रकान्यातले पैसे तिकडे गेले आणि रकाना पुन्हा शून्यापासून भरायला घेतला. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. बाकी कशाबद्दलही ते तासभर बोलू शकतात.

आणि ती शीट, कबूल करावंच लागेल, अचूक आहे. ग्रुपातली दोन पोरं तिच्याच भरवशावर रालारवेगेनला जाऊन आली. फिन्सेला एकाच्या सायकलीचा मागचा गिअर धरणारा डिरेलर हँगर मोडला. तिथे रात्रीचे नऊ, अजून उजेड, पुण्यात साडेबारा. पोरांनी घाबरत फोन लावला, तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"ओळ ४३. सीटखालच्या बॅगेत, डाव्या कप्प्यात बघ."

तिथे नवा कोरा हँगर होता. निघायच्या आदल्या दिवशी 'बॅगेचं वजन बघतो' म्हणून घेऊन गेले, तेव्हा त्यांनीच तो गुपचूप टाकला होता. मग अंथरुणात बसून पाऊण तास त्यांनी फोनवरून तो बसवून घेतला, आणि शेवटी बजावलं, की स्टेशनाजवळचं मजुरांचं म्युझियम बघितल्याशिवाय निघायचं नाही.

पोरं परतल्यावर नॉर्वेकरांनी त्यांना गुंजवण्याला जेवायला नेलं. फोटो बघितले नाहीत. कोणतं दुकान कितीला बंद होतं, पाणी कुठे भरलं, असं दोन तास विचारून दुरुस्त्या चढवल्या. एक पोरगा म्हणाला, "काका, आता तिकीटच काढून टाकू तुमचं."

"आधी ह्या दुरुस्त्या होऊ देत. पुढच्या जुलैत नक्की."

भाकरी वाढता वाढता मावशींनी एवढंच ऐकलं. "म्हंजी पुढल्या जुलैत मोकळंच हायसा," त्या म्हणाल्या, "लावणीला या."