फोर बाय फोर भाऊ

गाडी असलेला माणूस वेगळा आणि गाडी घेणार असलेला माणूस वेगळा. पहिल्याकडे हप्ता असतो, दुसऱ्याकडे ज्ञान. यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, या दुसऱ्या प्रकारचा एक तरी इसम भेटतोच. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, नाहीतर कृषी केंद्र चालवतो. वडिलांची दहा-बारा एकर शेती असते, अंगणात जुनी मारुती असते आणि डोक्यात एक ऑफ-रोड गाडी लो रेंजमध्ये कायम चालू असते. यवतमाळच्या दत्त चौकात आमच्या चहाला जे येतात, त्यांना त्यांच्या पाठीमागे सगळे ‘फोर बाय फोर भाऊ’ म्हणतात. तोंडावर नुसतं ‘भाऊ’.

भाऊंचं कृषी केंद्र आहे. जून लागला की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते बजावतात, “घाई करू नोका. चांगला शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्या, मंगच पेरा.” हा सल्ला ऐकून कितीतरी लोकांची दुबार पेरणी टळली असेल. पण भाऊंनी तोच नियम गाडीखरेदीलाही लावला आणि त्यांच्या हिशेबात तो शंभर मिलिमीटर पाऊस काही केल्या पूर्ण होईना.

२ ऑक्टोबर २०२० रोजी नवी थार बाजारात आली, तेव्हा टाळेबंदीने भाऊंना वेळ भरपूर दिला होता. त्यांनी माहितीपत्रक मुखोद्गत केलं. गाडीचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच. ६५० मिलिमीटर पाण्यातून चालते. समोरचा चढ ४१ अंशांचा असला तरी नाक घासत नाही. त्या दिवसापासून भाऊंना जग अंशांत दिसू लागलं. मंगल कार्यालयाचा उतार, आर्णी रोडवरचा गतिरोधक, दवाखान्यासमोरची उघडी नाली, सगळ्यांचे कोन त्यांनी नजरेनेच मोजून ठेवले. ज्या शहराने २०१८ चा उन्हाळा टँकरमागे घागरी घेऊन पळण्यात काढला, त्या शहरातल्या लोकांना ते हात मांडीपर्यंत नेऊन सांगत, “एवढ्या पान्यातून जाते!” ऐकणारा विचारायचा, “पन भाऊ, एवढं पानी हाय कुठी?”

तेव्हा थार बुक केली की कित्येक महिने वाट पाहावी लागे. लोक त्याला कंटाळत. भाऊंना ते फार आवडलं. त्यांनी एका बियाणे कंपनीची फुकट मिळालेली जाड वही काढली. तिच्यात डाव्या पानावर ‘जमा’, उजव्या पानावर ‘खर्च’ असे रकाने पाडले. उजवं पान भराभर भरलं. शोरूमची किंमत, रस्त्यावरची किंमत, विमा, एमएच २९ मध्ये चारही आकडे चार असलेला नंबर घ्यायचा तर त्याची फी, सात वर्षांचं व्याज, पाच वर्षांचे टायर. ‘जमा’चं पान कोरं राहिलं.

मग एकदा भाऊ घरच्यांना गाडी दाखवायला घेऊन गेले. तीन दारांची थार. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, एक पाय आत, एक पाय बाहेर, डोकं खाली घालून घुसायचं. भाऊंच्या आईंनी पायदानाकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बापा! हे गाडी हाय का माळा? आंदी शिडी आन.” वहिनी गाडीला एक चक्कर मारून आल्या. “अजी, मांगं दारच नाही. पोरं का खिडकीतून कोंबाचे?” भाऊंनी वहीत लिहिलं, ‘कौटुंबिक अडचण’, आणि निश्चिंत मनाने घरी आले.

पण या क्षेत्रात माणसाला निश्चिंत कोणी राहू देत नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्याच थारचं दहा लाखांच्या आतलं मॉडेल आलं. ते फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारं होतं. मित्र म्हणाले, घेऊन टाका. भाऊ दुखावले. “चारही चाकं ओढत नसतीन त थे जीप कायची?” जूनमध्ये जिम्नी आली. पाच दारं, चारही चाकांना ताकद, आईंना चढता येईल अशी उंची. एकेक अडचण दूर होताना पाहून भाऊ धास्तावले. पण नीट वाचल्यावर त्यांना तिच्यात डिझेल इंजिन नसल्याचं आढळलं आणि जीव भांड्यात पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार आली. तिच्यात डिझेलही होतं. आता सुटका नाही असं आम्हाला वाटलं. पण भाऊंनी आतला फोटो मोठा करून टेबलावर ठेवला. शिटा पांढऱ्या होत्या. काळ्या मातीच्या जिल्ह्यात, कपाशीच्या शेतातून येणारा माणूस पांढऱ्या शिटेवर बसणार कसा, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. भाऊ महिनाभर सुखात होते. मग चारचाकी जोर असलेल्या मॉडेलला तपकिरी शिटाही मिळतील असं जाहीर झालं. त्या दिवशी भाऊंनी चहा अर्धाच सोडला.

तोवर गाडी नसली तरी गाडीचं सामान मात्र घरी आलं होतं. हवा भरायचा कंप्रेसर, चिखलातून ओढायचा जाड दोर, लोखंडी शॅकल, घडीचं फावडं, दोन जेरीकॅन आणि एक तंबू. सामान घरात आलं की ते रिकामं बसत नाही. कंप्रेसरवर गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या सायकली भरल्या जाऊ लागल्या. जेरीकॅन नळ येण्याच्या दिवशी कामाला लागले. दोर पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतावर गेला तो परत आलाच नाही. तंबू मे महिन्यात गच्चीवर लागला. त्यात पहिल्या रात्री भाऊ झोपले, दुसऱ्या रात्रीपासून वहिनींनी वाळवणाला मांजरापासून संरक्षण म्हणून तो ताब्यात घेतला.

प्रवासाची योजना याहून भव्य होती. लडाखमधला उमलिंग ला, उंची १९,०२४ फूट. भाऊंचं यवतमाळ समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आत. पण मार्ग अगदी सोपा, असं ते सांगत. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्याच जिल्ह्यातून, पांढरकवड्यावरून जातो. यवतमाळहून निघायचं, पांढरकवड्याला डावीकडे वळलं की श्रीनगर, उजवीकडे वळलं की कन्याकुमारी. भाऊ पांढरकवड्याला खतांच्या कामानिमित्त नेहमी जात. त्या वळणावर उभे राहत, डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत आणि काम आटोपून दुपारच्या जेवणाला यवतमाळला परत येत. एकदा ऐन मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, त्यांनी पेट्रोल पंपावरच्या पोराला विचारलं, “काऊन रे, हे डिझेल थंडीनं गोठते का?” पोराने मानेचा घाम पुसला, गाडीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि त्यांना आधी सावलीत बसवून पाणी दिलं.

भाऊंना या सगळ्यात एकाच प्राण्याचा हेवा वाटतो. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा सगळा रस्ता नोंदला गेला. तेलंगणातल्या आदिलाबादकडे डोकावून, शेतं, नाले, महामार्ग ओलांडत तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच-सहा महिन्यांत तेराशे किलोमीटरांहून जास्त. भाऊंनी तो नकाशा वहीत चिकटवला आहे. वाघाने परमिट काढलं नाही, टायरची हवा अठरा पौंडांवर आणली नाही, कुठे मुक्काम करायचा ते आधी ठरवलं नाही. जोडीदार आणि जागा, एवढ्या दोन गोष्टी शोधायला तो निघाला होता. आमच्यातला एकजण म्हणाला, “भाऊ, थो वाघ होता. त्याले घरी विचारा लागत नाही.” यावर भाऊ काही बोलले नाहीत.

अखेर गाडी आली. सगळी कारणं संपल्यावर घ्यावीच लागली. लिंबू, नारळ, हार, आईंच्या हातचं कुंकू. मागच्या बाजूच्या दारातून आई सुखाने आत बसल्या. त्यानंतर एक विचित्र गोष्ट घडली. भाऊ ती गाडी डांबरीवरून खाली उतरवीनात.

त्यांचं शेत घाटंजीच्या बाजूला आहे. डांबरी संपते, तिथून शेतापर्यंत पांदण. पावसाळ्यात ही पांदण म्हणजे अस्सल परीक्षा. लडाखला जायचं कारणच नाही. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते, चाकाच्या खाचांत घट्ट भरते आणि महागडा टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतो. मग एक चाक फिरो की चार, गाडी जागच्या जागी खड्डा खणत बसते. हे भाऊंना पुरतं ठाऊक आहे. ते दुसऱ्यांना समजावून सांगतात. म्हणून ऑगस्टात गाडी डांबरीच्या टोकाला उभी असते आणि भाऊ बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पांदणीतून चालतात. सालदाराने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, गाडी बंद पडली. खरं कारण कळल्यावर तो म्हणाला, “बराबर केलं भाऊ. वाफसा आल्याबिगर पांदनीत कोनी घुसते का? बैल बी नाही म्हनते.” गाडीबद्दल भाऊंना आजवर मिळालेला सगळ्यात जाणकार अभिप्राय हाच.

मग दुर्गम प्रवासाचं काय? तोही झाला. दिवाळीनंतर, जमीन कडक झाल्यावर, भाऊंनी झरी जामणी तालुक्यातलं एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, निवडलं. नकाशात त्याच्याकडे जाणारी रेघ तुटक होती आणि तुटक रेघ भाऊंना फार प्रिय. शेवटच्या टप्प्यात त्यांनी गाडी थांबवली, लो रेंजचा दांडा टाकला, खाली उतरून मोजपट्टीने दगड मोजला, पुन्हा चढले आणि घामाघूम होत टेकाड पार केलं. पलीकडे झाडाखाली एक जुनी टीव्हीएस एक्सएल उभी होती. तिच्यावर प्लॅस्टिकच्या बादल्या, घमेली आणि चाळण्या बांधलेल्या. विक्रेता बिडी ओढत होता. तो दर आठवड्याला येत असे. “रस्ता चुकले का भाऊ?” त्याने आपुलकीने विचारलं.

पोडातली माणसं जमली. एवढी मोठी गाडी, हातात मोजपट्टी, बोनेटवर नकाशा. एका म्हाताऱ्या बाबांनी बराच वेळ निरखून विचारलं, “साहेब, रोड मोजाले आले का?” भाऊंना काय सांगावं सुचेना. रस्ता नसलेली जागा पाहायला मी हौसेने, कर्ज काढून आलो, हे त्या माणसाला सांगणं अवघड होतं. ज्यांना रस्ता नाही ते वर्षानुवर्षं रस्ता मागतात आणि ज्यांच्या दारातून डांबरी जाते ते सुट्टी टाकून रस्ता नसलेली जागा शोधतात, ही गंमत भाऊंना तिथे उभ्या उभ्या कळली असावी. कारण त्यांनी मोजपट्टी गुपचूप खिशात टाकली.

एवढ्यात एक आजी टोपली घेऊन पुढे आल्या. “मुकुटबनच्या बाजाराले जाता का?” भाऊंनी मान हलवली. ही मान होकाराची होती की नकाराची, हे ठरायच्या आत मागची दारं उघडली गेली. त्या दारांचा असा उपयोग शोरूममध्ये कोणी सांगितला नव्हता. टोपल्या, दोन लेकरं, तुरीचं एक गाठोडं आणि तपकिरी शिटेवर कोंबडीसह एक काकू. १९४९ मध्ये मुंबईत पहिल्यांदा जीप जोडली गेली, त्यानंतर या भागात जीपने मुख्यतः हेच काम केलं आहे. आमच्या काळीपिवळीवाल्यांनी अर्धं अंग बाहेर काढून, मागे पंधरा माणसं घेऊन हेच दगड रोज ओलांडले आणि टेकाडाचा कोन किती अंशांचा, हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही. भाऊंनी मात्र उतारावर घाम पुसत सगळ्यांना चारही चाकांची ताकद समजावून सांगितली. काकू म्हणाल्या, “बोलू नोका, समोर पाहा.”

मुकुटबनला उतरताना आजींनी विचारलं, “किती घेता?” भाऊ नको नको म्हणाले. आजी ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी वीस रुपयांची नोट टचस्क्रीनच्या खाली खोचली आणि बाजारात निघून गेल्या.

दत्त चौकात भाऊंनी या सफरीचं नाव ‘वजन चाचणी’ ठेवलं आहे. उमलिंग लाची योजना कायम आहे. यंदाचा कापूस विकला की निघायचं. पण त्या रात्री त्यांनी वही काढली, डावं पान उघडलं आणि इतकी वर्षं कोऱ्या राहिलेल्या ‘जमा’च्या रकान्यात पहिली नोंद केली : २० रुपये. वहिनी खांद्यावरून पाहत होत्या. त्यांनी उजव्या पानावरचा हप्त्याचा आकडा वाचला, मनात भागाकार केला आणि म्हणाल्या, “अजी, दिवसाले पन्नास बुढ्या बसवल्या त हप्ता निघते.”