फायबरचा तांबट

आमच्या पेठेत एका तांबटाला तळमजल्यावर, रस्त्याच्या तोंडाला, कायमची जागा मिळाली आहे. भाडं नाही, मेंटेनन्स नाही, वीज सोसायटीची. डोक्यावर दोन स्पॉटलाइट, पाठीमागे काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि चोवीस तास वॉचमन. बातमी वाचून ज्यांचा ऊर भरून आला असेल, त्यांनी जरा दमानं घ्यावं. हा तांबट फायबरचा आहे.

हाडामांसाचा तांबट त्याच ठिकाणी, म्हणजे मोजून त्याच फरशीवर, आजोबांपासून बसत होता. वाडा पाडायचा होता म्हणून त्याला उठवलं. मग इमारत उभी राहिली. मग वारसा-सल्लागार नावाचे एक लिननचा कुडता घातलेले गृहस्थ आले. या जागेला काही इतिहास आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर तो इतिहास साडेपाच फूट उंचीचा, फायबरमध्ये करून घेण्यात आला. इमारतीच्या नावात 'ताम्र' आहे, लिफ्टच्या बटणांभोवती तांब्याच्या रंगाची चकती आहे, आणि माहितीपत्रकात 'हातोड्यांचा नाद' हे शब्द चार वेळा आले आहेत. तांबं मात्र वायरिंगमध्ये आहे तेवढंच.

पुतळ्याच्या कपड्यांबद्दल मी बोलणार नाही. तांबट गंजीफ्रॉक आणि हाफ पँट घालून बसतो, त्याला यांनी जरीकाठी धोतर नेसवलंय. नेसवू दे. दंड व्यायामशाळेतले आहेत, असू दे. माझं सगळं लक्ष गेलं ते हातोड्याकडे. त्या हातोड्याला मागच्या बाजूनं दोन शिंगं आहेत. खिळे उपटायची.

सुताराचा हातोडा आहे तो.

मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, हातोडा हातोडाच ना?" त्याचं म्हणणं सल्लागारांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळतं, फरक मानधनाचा. पण मला त्या शिंगांनी झोप लागू दिली नाही. तांबटाला खिळा लागतो कुठे? तांब्याच्या घंगाळाला खिळे नसतात, हंड्याला नसतात, बंबाला तर नसतातच. मग हा माणूस गेले आठ महिने हात उगारून कोणता खिळा उपटायच्या तयारीत उभा आहे? बराच विचार केल्यावर उलगडा झाला. दुकानावरची स्वतःची पाटी उतरवायची तर खिळे उपटावेच लागतात. म्हणजे पुतळा चुकलेला नाहीच. कारागिराच्या आयुष्यातला नेमका शेवटचा दिवस शिल्पकारानं पकडला आहे. वास्तववाद याहून पुढे जात नाही. आणि त्या हातोड्याखाली काय आहे? तयार, चकचकीत घंगाळ, तोंड वर करून ठेवलेलं; आणि हे गृहस्थ खलबत्त्यात दाणे कुटावेत तसे त्याच्या आत ठोकताहेत. भांडं जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर चढवायचं, पायानं आवरायचं आणि बाहेरून ठोकत ठोकत फिरवत न्यायचं, म्हणजे मठाराचे ते एकसारखे गोल ठसे उठतात, हे सल्लागारांना कुणी सांगायला हवं होतं. सांगू शकेल असा एक माणूस त्या फरशीवर होता, पण त्याला त्यांनी आधीच उठवलं होतं.

पुतळा आवाजही करतो. जवळून कुणी गेलं की सेन्सर लागतो आणि ग्रॅनाइटमागच्या स्पीकरमधून टणटण सुरू होते. त्या उठवलेल्या तांबटाला, म्हणजे काकांना (पेठेत त्यांना सगळे काकाच म्हणतात), मी हाताला धरून ऐकायला घेऊन गेलो. माणूस रडेल, शिव्या देईल, अशी माझी पत्रकारी अपेक्षा. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हे लोखंडावर लोखंड आहे. तांबं असं बोलत नाही." मग थोडं थांबून, खऱ्या काळजीनं, "आणि हा थांबत का नाही? थंड पत्रा एवढा ठोकला तर चीर जाईल की." ठोकून ठोकून तांबं ताठरतं. मग ते भट्टीत लाल करायचं, नरम पाडायचं, पुन्हा ठोकायचं. एकेक घंगाळ किती वेळा भट्टीत जाऊन येतं, याचा हिशेब काका ठेवत नाहीत. हाताला कळतं म्हणतात. स्पीकरला हात नसल्यामुळे त्याला कळत नाही. वॉचमननं काकांना प्रदर्शनीय भागापासून चार पावलं मागे उभं राहायला सांगितलं.

भट्टीचं नाव निघालंच आहे तर पर्यायी जागेचं सांगतो, कारण काकांना रस्त्यावर टाकलं असा अपप्रचार मला करायचा नाही. त्यांना जागा देऊ केली होती. तिसऱ्या मजल्यावर, तेवढ्याच चटई क्षेत्राची, लिफ्टसकट. अटी अगदी साध्या: विस्तव नको, धूर नको, ठोकाठोकी नको आणि भांडी उजळायच्या आम्लाचं पिंप तर नकोच नको. याखेरीज तांबटकाम करायला त्यांना पूर्ण मोकळीक होती.

कायदा? कायदा काकांच्या बाजूनं आहे, आणि हीच त्याची खोड आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 वाचा. भाडेकरू वारला आणि घरातला माणूस त्या जागेत तोच धंदा चालवत असेल, तर हक्क त्याच्याकडे येतो. भाडंसुद्धा मालकाला वर्षाला चारच टक्के वाढवता येतं. फक्त पावती आजोबांच्या नावावर होती. आजोबा गेले, वडील गेले, मालकांच्या दोन पिढ्या गेल्या, पण दर महिन्याला पावती फाटत राहिली ती आजोबांच्याच नावानं, कारण नाव बदलून मागितलं की मालक म्हणायचे, "बघू." आता मालकांचे अकरा वारस बाणेरपासून बॉस्टनपर्यंत पसरलेत आणि त्यांनी एकमुखानं सांगितलं, की पावतीवरचे गृहस्थ समक्ष आले तर आम्ही अवश्य बोलणी करू. मग तारखा. तारखेला जायचं तर भट्टी बंद. भट्टी बंद तर दिलेली ऑर्डर लांबली. ऑर्डर लांबली की गिऱ्हाईक तुटलं. असं करत करत खटला निकालापर्यंत गेला असता तर काका नक्की जिंकले असते, मरणोत्तर. त्याआधीच त्यांनी चेक घेतला. रक्कम ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, यात बुलेट येईल." आली.

आता कृपा करून 'कला लोप पावते आहे' असं कुणी म्हणू नका. हे वाक्य मी वर्षाला तीन परिसंवादांत ऐकतो आणि दर वेळी त्यानंतर बटाटेवडा असतो. कला लोप पावत नव्हती. स्टीलनं हंडा नेला, गीझरनं बंब नेला, हे खरं. पण काका त्याला पुरून उरले होते. हॉटेलवाल्यांना कढया हव्या होत्या, देवळांना घंगाळं हवी होती, विमाननगरकडच्या एका बाईंना झुंबरासाठी मठार केलेल्या बारा वाट्या हव्या होत्या. ऑर्डर होती. हात चालत होते. जे हवं होतं ते दहा बाय बारा फूट, तळमजला, खाली घट्ट जमीन आणि धूर जायला एक भोक. गेली ती जागा. आणि कारखाना तेवढाच असतो असं समजू नका. पत्रा कापणारा दोन दारं सोडून, कड्या ओतून देणारा बोळाच्या तोंडाशी, कल्हईवाला समोर, आणि अर्धवट घंगाळ घेऊन पोऱ्या या दारातून त्या दारात दिवसभर फिरणार. कोकणातून आलेल्या तांबटांना पेशवाईत पुण्यात आळी मिळाली ती याच हिशेबानं. नाशकात तांबट लेन आहे, मुंबईत तांबा काटा आहे, तेही त्याच हिशेबानं. आळी हेच यंत्र होतं. त्यातला एक दात काढून नऱ्ह्याच्या पुढे शेडमध्ये नेऊन ठेवायचा आणि म्हणायचं, चाव आता. नऱ्ह्याची शेड काका बघून आले. जागा ऐसपैस आहे म्हणाले. ओरडलं तर कुणाला ऐकू येणार नाही इतकी.

बरं, एवढी खटपट करून जमीन मोकळी केली ती कुणासाठी? मला वाटलं होतं, माणसांसाठी. तळमजल्यावर गेलो तर मोटारी. नियमाप्रमाणे एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर. गुणाकार करा: साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे 134 चौरस फूट. काकांचा कारखाना, ज्यात काका, त्यांचा भाऊ, एक पोऱ्या, भट्टी, भाता, ऐरण, दीडशे किलो पत्रा आणि कालिकामातेची तसबीर एवढे सगळे मावत होते, तो 120. चौदा फुटांनी मोटार मोठी. ती मोटार तिथे काय करते? झोपते. सकाळी साडेनऊला उठून हिंजवडीला जाते, तिथे झोपते, संध्याकाळी येऊन परत इथे झोपते. तिनं अख्ख्या आयुष्यात एक तांब्या घडवलेला नाही. तिला पावती कुणाच्या नावानं आहे विचारत नाहीत. ती धूर सोडते तो चालतो. ती मागे घेताना केकाटते ते चालतं. तिच्या आजोबांना समक्ष बोलवा असं कुणी म्हणत नाही. शहरात तळमजला ही एकच जागा अशी असते जिथे जड वस्तू ठोकता येते, विस्तव पेटवता येतो, हातगाडी दाराशी लागते, येणाराजाणारा उभा राहून भाव विचारतो. आणि ती एकूण एक जागा आपण मोजून, पिवळे पट्टे मारून, कायद्यानं, झोपलेल्या पत्र्याला देऊन टाकली आहे. पत्र्यालाच द्यायची होती तर निदान ठोकायला येणाऱ्या पत्र्याला द्यायची! सुतार गेला, लोहार गेला, शिंपी जिन्याखाली गेला आणि जिनाही गेला. आणि वर हेच लोक रविवारी सकाळी 'हेरिटेज वॉक' काढतात, बुटांच्या नाड्या बांधून, गळ्यात कॅमेरे घालून, आणि त्या वॉकचा पहिला थांबा कुठला, तर तो फायबरचा खिळेउपट्या! बघायला काय यायचं ते चार वर्षांपूर्वी यायला पाहिजे होतं. तेव्हा आले होते ते फक्त आवाजाबद्दल तक्रार करायला.

हो, तक्रार झाली होती. शेजारच्या नव्या इमारतीतून. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, हे तक्रारदारानं नियमाच्या सालासकट, 2000, लिहिलं होतं. अभ्यासू माणूस. हाच माणूस मिरवणुकीच्या दिवशी ट्रकवरच्या स्पीकरच्या भिंतींपुढे नाचताना मी पाहिला आहे. त्या रात्री माझ्या कपाटातले पेले आपापसात ठोकले जात होते आणि अभ्यासूचा अभ्यास खिशात घडी घालून ठेवलेला होता. आता तो त्याच्या गॅलरीतून स्पीकरची टणटण ऐकतो. पुतळ्याची टणटण त्याला 'थेरप्युटिक' वाटते, असं त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं आहे. तांब्याच्या बाटलीतून पाणी पीत पीत कळवलं असणार. त्या बाटलीवर मठाराचे ठसे आहेत. साच्यानं, एका दाबात उठवलेले. ते इतके एकसारखे आहेत, की त्यातून हात नावाची वस्तू कधी गेलीच नाही हे आंधळ्यालाही बोटानं कळेल.

परवा काका भेटले. हातात सोसायटीचं पत्र. वर्धापनदिनाचा कार्यक्रम आहे, पुतळ्याशेजारी बसून 'जिवंत प्रात्यक्षिक' दाखवाल का? जिवंत या शब्दाखाली रेघ मारलेली होती, म्हणजे दोघांत गोंधळ व्हायला नको. काकांनी होकार दिला, आणि भट्टीला कोळसा व दांडा पुरायला थोडी माती लागेल असं कळवलं. उलट टपाली उत्तर: विस्तव चालणार नाही, फरशी इटालियन आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांची विश्रांतीची वेळ असल्यानं हातोडा भांड्याला प्रत्यक्ष लागू नये. स्पीकर आहेच, त्याच्या तालावर हात हलवावा.

काका धंद्याचा माणूस. रागावले नाहीत. त्यांनी दरपत्रक पाठवलं. ठोकायचा दर वेगळा, ठोकल्यासारखं करायचा वेगळा. दुसरा दुप्पट, कारण ते काम त्यांच्या घराण्यात कुणी शिकवलेलं नाही. तळाशी एक ओळ जादा: पुतळ्याच्या हातातला हातोडा बदलून हवा असल्यास तो फुकट.

सोसायटीनं रक्कम पाहून कळवलं, की नियमाप्रमाणे किमान तीन तांबटांची कोटेशनं लागतील. बाकीचे दोन कुठे राहायला गेले, त्यांचे पत्ते काकांनीच द्यावेत.