जुनं पेन : खरेदी, दुरुस्ती आणि पथ्यं

जुनी फाउंटन पेनं जमवायला दोन गोष्टी पुरतात : मोकळा रविवार आणि कुलूप लागणारा ड्रॉवर. लिहिण्याची आवड लागत नाही. ज्याला ती असते त्याचं एका पेनावर भागतं, त्यामुळे या क्षेत्रात तो फारसा पुढे येत नाही.

खरेदीसाठी पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत चोरबाजार. पेन दिसलं की त्याच्याकडे मुळीच पाहू नये. आधी शेजारचं बंद घड्याळ हाताळावं, मग पितळी अडकित्ता, आणि निघता निघता विचारावं, “हे काय, पेन आहे का?” विक्रेता हे नाटक रोज बघतो, तरीही प्रयोग पूर्ण करावा. पेन चालत नसेल तर उत्तमच. चालणारं पेन काय, कुणीही घेतं.

घरी किंमत विचारली जाईल. उत्तरादाखल इतिहास सांगावा. ‘पार्कर ५१’ असेल तर सोपं आहे : कंपनीला १९३९ साली ५१ वर्षं झाली म्हणून नाव ५१; सगळीकडे विकायला आलं ते १९४१ साली; खास त्याच्यासाठी केलेली शाई इतकी भराभर वाळायची, की निब जवळजवळ पूर्ण झाकूनच टाकावी लागली. इथपर्यंत आलं की समोरचा माणूस बहुधा स्वयंपाकघरात गेलेला असतो. नसेल, तर “निब चौदा कॅरट सोन्याची आहे” म्हणावं. वजन सांगू नये.

दुरुस्तीआधी निदान. पेन अंगठ्याने जोरात घासून हुंगावं. गंधकाचा वास आला तर ते एबोनाइट, कारण रबर गंधक घालूनच इतकं कडक केलेलं असतं. असं पेन पाण्यात भिजत टाकू नये. जुनं काळं एबोनाइट रात्रभरात शेवाळी-तपकिरी होऊन बसतं. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. त्यात कापूर असतोच, आणि पेटायलाही ते कापराइतकंच उत्सुक असतं. म्हणून गॅस आणि मेणबत्ती वर्ज्य. ऊब द्यायचीच तर हेअर ड्रायरने, तीही लांबून. हुंगत असताना कुणी खोलीत आलं तर खुलासा करू नये, त्याने प्रकरण वाढतं.

आता मुख्य शस्त्रक्रिया. बाजूला छोटी तरफ असलेल्या पेनाच्या पोटात शाईची रबरी पिशवी असते. वर्षानुवर्षं पडून ती कडक होते आणि तिचे तुकडे पडतात. निबकडचा भाग हलका गरम करून हातानेच, घाई न करता, बाहेर काढावा. पक्कड वापरू नये. पक्कड वापरणाऱ्यांची पेनं जुन्या बाजारात मिळतात, दोन भागांत. आतले तुकडे खरवडून नवी पिशवी मापात कापावी, लाखेच्या द्रावणाने चिकटवावी आणि ती पेनाच्या आत चिकटू नये म्हणून वरून टाल्क लावावी. झटपट चिकटणारे आधुनिक गोंद इथे चालत नाहीत. लाख उष्णतेने पुन्हा सुटते, म्हणजे पुढच्या मालकाला पेन उघडता येतं. पुढचा मालक म्हणजे आपल्यामागे आपल्या मुलांकडून हा सगळा ड्रॉवर किलोवर नेणारा सद्गृहस्थ.

निबच्या फटीत ब्लेड घालण्याची शाळेतली सवय मोडावी. फट साफ करायला पातळ पितळी पत्रा मिळतो.

लाख रात्रभर वाळू द्यावी. सकाळी शाई भरून आधी ‘श्री’ काढावा, मग आडवे आठ, मग स्वतःची सही पानभर. यापुढे काय लिहावं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आपल्याकडे असलेल्या पेनांची यादी लिहावी. यादी झाली की पेन धुऊन ड्रॉवरमध्ये ठेवावं.

क्वचित एखादं पेन खिशाला लावून बाहेर न्यायला हरकत नाही. मात्र बँकेत स्लिप भरताना कुणी ना कुणी “जरा पेन देता का, काका?” म्हणतंच. यासाठी सोबत एक बॉलपेन बाळगावं, टोपण हरवलेलं.