विचारल्याशिवाय वाढू नका

माझ्या बोक्याला येता-जाता जेवू घालणाऱ्या वाड्यावरच्या सगळ्यांना, किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना आणि थंडीत खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या पाहुण्यांना माझं एकच सांगणं आहे : आता पुरे करा. तुम्ही मायेनं देता, यात मला शंका नाही. पण त्या मायेपायी त्याच्या देहाची वाट लागली आहे, आणि हे तोंडावर सांगायला मी आता कचरणार नाही.

भुऱ्या नसबंदी केलेला बोका आहे. त्याच्या हाडापेराला साडेचार किलो वजन शोभतं. तो सात किलोच्या पुढे गेला आहे. घरात त्याला सकाळ-संध्याकाळ मोजून खायला मिळतं, पशुवैद्यांनी सांगितलं तेवढंच. तरी वजन उतरत नाही, कारण आमची पायरी उतरला की त्याची दुसरी पंगत सुरू होते. सकाळी मासळी विकणारी नुस्तेकान्न टोपली घेऊन वाड्यावर येते, तिथं त्याला एखादं डोकं, एखादी शेपटी. पलीकडच्या घरी ताटात उरलेला हुमण-भात. दुपारी खालच्या घरी दुधाची वाटी. तिन्हीसांजेला भाड्याच्या खोलीतले पाहुणे पाकिटातलं कोरडं खाद्य मूठभर ओततात. विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, ‘मात्शें दिलें म्हूण कितें जातलें?’ प्रत्येकानं खरोखरच थोडं दिलेलं असतं. बेरीज मात्र कोणीच करत नाही, म्हणून ती मी इथं करतो.

चार-साडेचार किलोच्या घरगुती मांजराला दिवसाला 200 ते 250 किलोकॅलरी पुरतात. म्हशीच्या 100 मिलीलिटर दुधात साधारण 100 किलोकॅलरी असतात. म्हणजे दीडशे मिलीलिटरची एक वाटी पोटात गेली की दिवसाच्या गरजेतला अर्ध्याहून अधिक वाटा तिथंच संपला. कोरड्या खाद्यात 100 ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे किलोकॅलरी. मोठ्या माणसाच्या मुठीत 30-40 ग्रॅम सहज मावतात, म्हणजे आणखी अर्धा दिवस. रव्यात घोळवून तळलेल्या बांगड्याचा तुकडा यात धरलेलाच नाही. तुमच्या-आमच्या पोटाला जे मात्शें, ते त्याच्या पोटाला अख्खं जेवण आहे. शिवाय दूध हे मोठ्या मांजराचं अन्नच नव्हे. पिल्लू आईचं दूध सोडतं तसतशी दुधातली साखर पचवण्याची त्याची ताकद कमी होत जाते. पुष्कळ मांजरांना दुधानं हगवण लागते. दूध पाजणारा ती पाहत नाही, घरचा माणूस पाहतो.

‘पण तो मागतो हो, ओरडतो, पायात घुटमळतो!’ मागणारच. मागणं आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नसबंदीनंतर मांजराच्या शरीराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्यानं घटते आणि खाण्याची हाव उलट वाढते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात कॅरन मॅकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांजरांच्या गुरगुरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खायला हवं असलं की काही मांजरं नेहमीच्या गुरगुरण्यात एक उंच, रडवेला सूर मिसळतात आणि तो ऐकून माणसाला गलबलून येतं, असं त्यांना आढळलं. कधी मांजर न पाळलेल्या माणसांनाही त्यातली निकड कळली. म्हणजे तुमच्या दारात जे तोंड वेंगाडून बसलेलं असतं, त्याचं पोट घटकाभरापूर्वी भरलेलं असू शकतं. तुमचा कळवळा खरा असतो, त्याची उपासमार खरी नसते.

आपल्या गोव्यात याला पंचांगाचीही जोड आहे. आमच्याकडे सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहार. श्रावणात महिनाभर मासळी नाही. चवथीला गणपती घरात असेपर्यंत तर प्रश्नच नाही. या दिवसांत वाड्याला भुऱ्याची विशेष कणव येते. ‘तुमगेर शिवराक, ताणें कितें खावपाचें?’ असं म्हणत हिंदू शेजारी पाटाखालचा सुका बांगडा काढतात, ख्रिस्ती शेजाऱ्यांकडची शीतकडी तर सोमवारीही शिजतेच. अहो, शिवराक आम्हाला आहे, त्याला नाही. मांजराला शाकाहारावर ठेवताच येत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय निकामी होतात. मांजर पाळणाऱ्याला हे ठाऊक असतं. चवथीलाही त्याचं खाणं पडवीत वेगळं ठेवलेलं असतं आणि ते त्याला रोजच्या वेळी मिळतं.

आणि मासळी म्हणजे मांजराला अमृत, हाही समज सोडा. नुसत्या बांगड्या-तारल्यांसारख्या तेलकट मासळीवर वाढवलेल्या मांजरात ई जीवनसत्त्व कमी पडतं, कातडीखालची चरबी सुजून पिवळी पडते आणि हात लावला तरी जनावर कळवळतं. काही प्रकारची कच्ची मासळी रोज खाल्ली तर बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. खाऱ्या बांगड्यातलं मीठ निराळंच. सगळ्यांत वाईट कांदा-लसूण. ही दोन्ही मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शॅकमध्ये बसून बटर-गार्लिक सुंगटं खाणारा पाहुणा टेबलाखाली दोन सुंगटं टाकतो, फोटो काढतो आणि उठून जातो. चोरिस सॉसेजचा तुकडा टाकणाराही तसाच. त्यात लसूण ठासून भरलेली असते. हे प्रेम नव्हे, हे विष आहे, आणि मला यापेक्षा सौम्य शब्द वापरायचा नाही.

लठ्ठ मांजर गोंडस दिसतं, ही दृष्टीच मुळात बदलायला हवी. भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवा. निरोगी मांजराच्या बरगड्या बोटांना अलगद लागतात, वरून पाहिलं की कंबर दिसते. याच्या बरगड्या शोधायला बोटं रुतवावी लागतात. मागच्या पायांमध्ये लोंबणारी कातडीची पिशवी बहुतेक मांजरांना असते, ती चरबी नव्हे. पण कमरेवर आणि छातीवर जो थर चढतो तो चरबीचाच. याची जीभ आता शेपटीच्या मुळापर्यंत पोचत नाही. तिथले केस तेलकट होऊन गाठी झाल्या आहेत, पावसाळ्याच्या दमट हवेत तिथं खरूज उठते, आणि मी रोज ओल्या फडक्यानं पुसतो. कुंपणावर एका उडीत चढणारा हा बोका आता खाली बसून आधी वर बघतो. रस्त्यावर कुत्रा मागे लागला तर याचं काय होईल, या विचारानं माझ्या पोटात गोळा येतो.

लठ्ठ मांजराला मधुमेह होण्याचा धोका जवळजवळ चौपट असतो. डिचोलीत माझ्या बहिणीच्या मांजरीला तो झाला. तिला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, इन्सुलिन टोचावं लागतं. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबू करायचा, सुई आडवी आत सारायची. किती इन्सुलिन द्यायचं, ते ती काय आणि किती खाते यावर बेतलेलं असतं. मधल्या वेळेत शेजारी कोणी काहीबाही भरवलं की मोजमाप कोसळतं. साखर वर जाते, डॉक्टर डोस वाढवतात, पुढच्या आठवड्यात शेजारी गावाला जातात, आणि वाढलेल्या डोसावर तीच साखर धोक्याइतकी खाली येते. समोरच्या मावशी रोज तिला दूध द्यायच्या, ‘सुया टोचून घेते बिचारी’ म्हणून. बहिणीनं त्यांना पुष्कळ समजावलं, उपयोग झाला नाही. शेवटी एका सकाळी तिनं मावशींनाच बोलावलं आणि सुई देताना मांजर धरायला सांगितलं. वाटी त्या दिवसापासून बंद झाली. मावशी वाईट नव्हत्या. त्यांनी परिणाम पाहिलेला नव्हता, एवढंच.

आता जूनबद्दल, कारण पेडण्याच्या किनारपट्टीवर खरी दैना तेव्हाच होते. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल इथं ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाहुण्यांची वर्दळ. सहा-आठ महिने मांजरांच्या तोंडासमोर ताटं येत राहतात. मग शॅक उतरवले जातात, खोल्या रिकाम्या होतात आणि 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदी. पाकिटातलं खाद्य देणारी मुलगी विमानानं दिल्लीला किंवा मॉस्कोला परत गेलेली असते. फुगलेलं मांजर एकाएकी उपाशी पडतं. माणूस चार दिवस उपाशी राहिला तर बारीक होतो. लठ्ठ मांजराचं तसं नसतं. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही की अंगावरची चरबी सुटून यकृतात साचते, यकृत काम सोडतं, कान आणि हिरड्या पिवळ्या पडतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर ते मरतं. म्हणजे मोसमात ज्यांनी कोंबलं आणि मोसम संपताच जे निघून गेले, त्यांनी दोन्हीकडून त्या जिवाचा घात केला. त्याच कारणासाठी लठ्ठ मांजराला एकदम उपाशी ठेवून बारीक करता येत नाही. आठवड्याला वजनाचा एखादा टक्का, एवढ्याच वेगानं उतरायचं असतं. भुऱ्याचं महिन्याभर मोजूनमापून उतरवलेलं वजन तुमच्या एका ‘मात्शा’च्या आठवड्यात परत चढतं.

हे दुखणं फक्त आपल्या वाड्यावरचं नाही. पोलंडमधल्या श्चेचिन शहरात काशुब्स्का रस्त्यावर गात्सेक नावाचा काळा-पांढरा बोका राहायचा. गूगल मॅप्सवर त्याला इतके तारे मिळाले की शहरातलं सर्वांत आवडतं प्रेक्षणीय स्थळ म्हणून तो गाजला. लांबून लोक आले, प्रत्येकानं काहीतरी भरवलं, गात्सेक बेसुमार फुगला. 2023 च्या सुरुवातीला त्याला रस्त्यावरून उचलून प्राणी-निवाऱ्यात नेऊन पथ्यावर ठेवावं लागलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हिमी नावाचा बोका 21 किलोंच्या पुढे गेला, त्याला हातगाडीतून हलवावं लागे. 1986 मध्ये तो श्वास कोंडून मेला. पुढं गिनेसनं सर्वांत वजनदार मांजराचा विक्रम नोंदवणंच थांबवलं, लोकांनी विक्रमासाठी मांजरं कोंबू नयेत म्हणून. विक्रमांवर ज्यांचं पुस्तक चालतं त्यांना हे कळलं, ते आपल्याला कळायला हरकत नाही.

भटक्या, खरोखर उपाशी मांजराला घालू नका, असं मी म्हणत नाही. जरूर घाला, आणि घालणार असाल तर त्याच्या नसबंदीचं आणि रेबीजच्या लसीचंही बघा. पण आधी चौकशी करा. अंगावर चकाकी आहे, कंबर भरलेली आहे, माणसाला न घाबरता दारात येऊन बसतं, असं मांजर बहुधा कोणाचं तरी असतं. दोन घरं विचारलीत तर कळेल. कोणीच सांगेना तर त्याच्या गळ्यात कागदाची सैल पट्टी बांधा, त्यावर लिहा : ‘मी कोणाचा? इथं फोन करा.’ कागद अडकला तरी फाटतो, गळफास बसत नाही. मालक असेल तर संध्याकाळपर्यंत फोन येईल. आणि आपल्या पाळलेल्या मांजराच्या गळ्यात ओढ बसताच सुटणारा पट्टा बांधून त्यावर ‘खायला देऊ नका’ एवढं लिहिणं, हे आपल्या सर्व मांजरवाल्यांचं काम आहे. शेजाऱ्याला न सांगता त्यानं ओळखावं, ही अपेक्षाही चूक.

शेजाऱ्यांचा लळा मला तोडायचा नाही. भुऱ्याला चार घरं आहेत, याचा मला आनंद आहे. वाड्यावर जनावराला कोणी दगड मारत नाही, दार उघडून आत घेतात, ही आपल्या गावाची श्रीमंती आहे, आणि विमानतळ आणि बंगल्यांच्या या दिवसांत ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून एक सोय केली आहे. त्याच्या रोजच्या मोजलेल्या खाण्यातला काही भाग मी सकाळीच बाजूला काढून एका झाकणाच्या डब्यात ठेवतो. डबा आमच्या पडवीत, दाराच्या डाव्या हाताला असतो. ज्यांना त्याला भरवायचं आहे, त्यांनी या, हाक मारा, त्यातले चार दाणे घ्या आणि आपल्या हातानं घाला. डबा रिकामा झाला की त्या दिवशी त्याला कोणीही, काहीही घालू नका.