आधी चुलवाण, मग सभागृह

गावोगावी आमदार फंडातून सभागृह होतं. फरशी, पंखे, फीत, फोटो. मग कुलूप. किल्ली कुणाकडे? ज्याला विचारावं, तो दुसऱ्याचं नाव सांगतो.

आता शहरातले वास्तुविशारद सांगतात, अन्न तयार होईल आणि माणसंही जमतील अशी एकच इमारत हवी. कल्पना उत्तम. पण नमुने परदेशात कशाला शोधायचे? करवीर, पन्हाळ्याच्या शिवारात ती उभीच आहे.

तिला गुऱ्हाळ म्हणतात.

खांब, वर उंच छप्पर, भिंती नावापुरत्या. हा गरिबीचा आडोसा नव्हे, हिशेब आहे. काहिलीची वाफ कोंडली तर माणूस तिथं उभा राहील का? पिळलेल्या उसाचं चिपाड वाळवायचं आणि तेच चुलवाणात घालायचं, म्हणून अंगण ऐसपैस. पाक उतरला की ओतायला काहिलीशेजारीच वाफा. इथली प्रत्येक जागा कामानं आखली आहे.

आणि माणसं? जळव्या आग सांभाळतो, गुळव्या पाकावर नजर ठेवतो, शेतकरी आपलं आधण उतरायची वाट बघत बसतो. वाट बघणं आलं की गप्पा आल्याच. आल्यागेल्याच्या हातावर गरम गूळ पडतो.

सभागृहात माणसं बोलवावी लागतात. इथं ती असतातच.

२०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळी पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त होतो, हार-तुरे होतात. गुऱ्हाळं मात्र विझत चालली. ऊस कारखान्याला जातो, मजूर मिळत नाहीत, साखर मिसळणारे चोख गुळाचा भाव पाडतात. मानांकन गुळाला, तो शिजतो त्या जागेचा वाली कोण?

म्हणून पुढचं सभागृह मंजूर करताना आधी चुलवाणाची जागा आखा. नकाशा काढणाऱ्यानं गुळव्याला शेजारी बसवावं. धुराडं वारा बघून ठेवा. राबणाऱ्या बायकांसाठी न्हाणीघर आणि संडास पहिल्याच आराखड्यात हवेत, ‘नंतर बघू’ चालणार नाही.

हंगाम संपला की छप्पर रिकामं? उन्हाळ्यात बचत गटाचं चटणीचं कांडप तिथंच चालवा. पावसाळ्यात ग्रामसभा भरवा.

पैसा नाही म्हणता? बंद सभागृहांवर तो खर्च होतोच आहे. यंदाच्या मंजुरीच्या यादीत निदान एक गुऱ्हाळघर घाला. सरपंचांनी ते मागावं आणि आमदारांनी चुलवाण पेटवायला यावं, फीत कापायला नव्हे.